क्रूझच्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची आहे? आधी बोटीचं वेळापत्रक वाचायला शिका

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बॅलार्ड पिअरला परदेशी क्रूझ लागायला लागल्या की माझ्या फोनवर ठाणे-नवी मुंबईतल्या मुला-मुलींचे मेसेज सुरू होतात. कुणी नुकतीच पिवळ्या पाटीची इनोव्हा घेतलेली असते, कुणाला गाइडचा परवाना मिळालेला असतो. प्रश्न एकच असतो: "ताई, एक पार्टी मिळालीय, एका दिवसात काय काय दाखवू?"

प्रश्न इथेच चुकतो. काय दाखवायचं हे नंतर बघू. आधी तुमच्या हातात खरे किती तास आहेत ते काढा. हॉटेलवरची पार्टी उशिरा परतली तर फार तर जेवण थंड होतं. क्रूझची पार्टी उशिरा परतली तर तिची बोट निघून गेलेली असते. बोटीच्या कंपनीने स्वतः विकलेली सहल उशिरा आली तर बोट सहसा थांबते. तुमच्या-माझ्या खासगी गाडीसाठी ती थांबत नाही. मग पाहुण्याने स्वखर्चाने विमान पकडून पुढचं बंदर गाठायचं. ते कोची असेल नाहीतर कोलंबो. म्हणून हा लेख.

१. वेळ बोटीकडून घ्या, पाहुण्याच्या आठवणीतून नको

पाहुणा ईमेलमध्ये लिहितो, "आम्ही ८ ते ६ मुंबईत आहोत." ही ब्रोशरमधली वेळ असते. त्यातला ८ म्हणजे बोट धक्क्याला लागायची वेळ, शिडी उघडायची नाही. ६ म्हणजे दोर सुटायची वेळ, परत यायची नाही. परत यायची वेळ वेगळी असते. तिला बोटीवर "ऑल अबोर्ड" म्हणतात आणि ती साधारण अर्धा ते एक तास आधीची असते. ती पाहुण्याच्या खोलीत आदल्या रात्री येणाऱ्या दिनक्रमाच्या पत्रकात छापलेली असते. त्याला त्या पत्रकाचा फोटो पाठवायला सांगा. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा नंबरही असतो. तो लगेच आपल्या फोनमध्ये सेव्ह करा, शेवटी लागतो.

तुमच्या बाजूने दोन कामं. आठवडाभर आधी त्या बोटीचं आणि मुंबई बंदराचं वेळापत्रक ताडून बघा. आदल्या रात्री मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर या जहाज आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या साइटवर बोटीचं नाव टाका. पहाटे चारला ती अजून बरीच लांब दिसत असेल तर आठला धक्क्याला लागणार नाही, हे कळायला कॅप्टन असावं लागत नाही.

२. पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ बघा

दुबईहून येणारी बोट आपल्याकडे येते तेव्हा दीड तासाचा फरक असतो. मालदीवहून आली तर अर्ध्या तासाचा. बोटीवरची वेळ बहुतेक वेळा बदलतात, पण घोषणा सगळे ऐकतातच असं नाही. शिवाय रोमिंग बंद ठेवलेला फोन आपणहून वेळ बदलेलच असं नाही.

माझ्या दुसऱ्याच सीझनची गोष्ट. घारापुरीला चौघांना घेऊन गेले होते. लेणी दाखवून झाल्यावर म्हटलं, अर्धा तास मोकळे फिरा, साडेअकराला खाली जेटीवर भेटू. तिघे आले. चौथे, सत्तरीचे आजोबा, पत्ता नाही. मी धापा टाकत एकशे वीस पायऱ्या पुन्हा चढले. आजोबा मुख्य लेण्यासमोरच्या झाडाखाली बसून माकडाचं चित्र काढत होते, अगदी निवांत. मी काही बोलायच्या आत त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. त्यांच्या हिशेबाने अजून तासाहून जास्त वेळ होता. सकाळी बायकोने उठवलं म्हणून ते वेळेवर खाली उतरले होते. घड्याळ मात्र दुबईतच राहिलं होतं.

तेव्हापासून गेटवर हात मिळवल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आता किती वाजले, सगळ्यांनी आपापलं घड्याळ दाखवा." हसतात बिचारे, पण दाखवतात.

३. सकाळची रांग: इथेच निम्मे नवे लोक फसतात

भारतात एका दिवसासाठी उतरायचं तरी परदेशी पाहुण्याला व्हिसा लागतो. ई-व्हिसा मुंबई, मार्मागोवा, कोची, चेन्नई आणि मंगळूर या बंदरांवर चालतो. तो आधीच काढलेला असावा लागतो. बुकिंग घेतानाच विचारा, "व्हिसा आला का, प्रिंट काढली का?" एका पार्टीतल्या बाईंना वाटलं होतं की बोटीवरच मिळतो. बोट दोन दिवस मुंबईत होती, त्या बोटीवरच राहिल्या.

आता मुख्य गोष्ट. मुंबई हे त्या बोटीचं भारतातलं पहिलं बंदर आहे का, ते शोधा. पहिलं असेल तर इमिग्रेशनची तपासणी इथे होते. प्रत्येकाने अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा दाखवायचा, शिक्का घ्यायचा. दोन हजार माणसं असतील तर डेकनुसार नंबर देऊन सोडतात. तुमच्या पाहुण्याचा नंबर पहिल्या तासात येतो की तिसऱ्या, हे त्यालाही माहीत नसतं. बोट आधी कोची किंवा गोव्याला लागून आली असेल तर हे सगळं तिकडे झालेलं असतं आणि माणसं पटापट बाहेर येतात.

माझा हिशेब साधा आहे. मुंबई पहिलं बंदर असेल तर बोट लागल्यापासून अडीच तास धरते, नसेल तर एक. त्याआधी पाहुणे बाहेर आले तर तो वेळ वरकमाई. नऊची घारापुरीची पहिली बोट पकडू असं पाहुण्याला कधीही कबूल करू नका.

आणि उभं कुठे राहायचं? परवान्याशिवाय आपली गाडी बंदराच्या आत जात नाही. पाहुणे शटलने किंवा चालत ग्रीन गेटपर्यंत येत आले आहेत, पण नवं क्रूझ टर्मिनल झाल्यापासून व्यवस्था बदलत असते. त्यामुळे त्या आठवड्यात कोणत्या गेटने सोडताहेत ते विचारून घ्या. पी. डिमेलो रोडवर ग्रीन, रेड, यलो, ब्लू, ऑरेंज अशी रंगांची गेटं ओळीने आहेत. "पोर्टच्या गेटवर उभी आहे" एवढाच मेसेज पाठवलात तर परदेशी माणूस कुठल्याही रंगाला जाऊन उभा राहील. गेटचा, पाटीचा आणि तुमच्या तोंडाचा फोटो पाठवा. बाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात आणि त्यातले दोन-तीन तरी "तुमचा गाइड मीच" म्हणतात. पाहुण्याला आधीच सावध करा.

४. उलटी गणती

कागद घ्या आणि खालून वर लिहा. समजा ऑल अबोर्ड साडेपाच आहे.

साडेपाचला पाहुणा बोटीत हवा. गेटवरची तपासणी, शटल, शिक्का, बोटीच्या शिडीपाशी पुन्हा स्कॅनर, या सगळ्याला पाऊण तास द्या. म्हणजे पावणेपाचला गेट. त्याआधी माझा स्वतःचा एक तास, ज्यात मी काहीही ठरवत नाही. तो ट्रॅफिकसाठी, टायरसाठी, कुणाला तरी स्वच्छतागृह शोधायचं असतं त्यासाठी. म्हणजे पावणेचारला मी पाहुण्यांसह दक्षिण मुंबईत, गेटपासून पंधरा मिनिटांच्या आत असायलाच हवी. पावणेचार हीच माझी खरी संध्याकाळ.

आता वरून: बोट आठला, पहिलं बंदर, पाहुणे साडेदहाला बाहेर. साडेदहा ते पावणेचार. दहा तासांच्या मुक्कामातले सव्वापाच तास तुमचे. त्यात जेवण आलं.

हा आकडा पाहुण्याला ईमेलमध्ये आधीच लिहून टाका. दहा तास समजून आलेला माणूस दिवसभर कुरकुरतो. सव्वापाच समजून आलेल्याला सहा मिळाले तर खूश होतो आणि टिपही बरी देतो.

५. लांबचं आधी, जवळचं शेवटी

नवी मुलं उलट करतात. सकाळी गेटवे जवळ आहे म्हणून तिथून सुरुवात, मग सीएसएमटी, मग क्रॉफर्ड मार्केट, आणि दुपारी "आता घारापुरी उरकू". पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. घारापुरीला जाताना बोटीला तास, पुढे जेटीवरची चाल किंवा छोटी गाडी, पायऱ्या, लेण्यांत तासभर, परत तेवढंच. गेटवे ते गेटवे साडेचार तास धराच. त्या दिवशी परतीच्या बोटीला रांग होती. पाहुणे गेटच्या आत शिरले तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती आणि ऑल अबोर्ड साडेपाचचा होता. तिकडून मेसेज येईपर्यंत मी फुटपाथवर बसून होते. ते वेळेत पोचले, पण मी दोन दिवस नीट जेवले नाही.

सव्वापाच तासांत घारापुरी करायची तर दुसरं काही नाही. उतरल्या उतरल्या गेटवे, घारापुरी, परत येऊन झटपट जेवण, संपलं. पाहुण्याला निवड द्या: घारापुरी किंवा शहर. दोन्ही हवं असेल तर बोट मुंबईत रात्री मुक्कामाला असली पाहिजे. पुष्कळ बोटी तशा असतात, तेव्हा दुसरा दिवस घारापुरीला द्या. त्या दिवशी इमिग्रेशनचं लचांड नसतं.

शहर दाखवायचं तर मी मलबार हिल आणि बाणगंगेपासून सुरू करते, मग मणिभवन, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट, मग खाली सरकत चर्चगेट. साडेअकरा ते साडेबाराच्या सुमाराला तिथे डबेवाले डबे लावताना दिसतात. पाहुण्यांना हे लेण्यांपेक्षा जास्त आवडतं, हे माझं मत आहे, गाइडच्या परीक्षेत लिहू नका. मणिभवनहून निघायला उशीर झाला तर मी धोबीघाट गाळते, डबेवाले नाही. शेवटी सीएसएमटी, फोर्ट, बॅलार्ड इस्टेट. जेवण शेवटच्या टप्प्यात आणि गेटजवळ. ताटावर बसलेल्या माणसाला उठवणं कठीण असतं, पण निदान तो गेटपासून दहा मिनिटांवर तरी असतो.

कान्हेरी? बंदरापासून जवळजवळ चाळीस किलोमीटर आणि पार्काच्या गेटापासून लेणी आणखी सहा किलोमीटर आत. एका दिवसाच्या बोटीला मी नाही म्हणते.

६. आपल्याकडचे रोहित, आणि तिसरं घड्याळ

हे खास ठाणे-नवी मुंबईकरांसाठी. पक्षी बघणारे पाहुणे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीने फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, दाखवता येतात. क्रूझचा आणि रोहितांचा हंगाम बराचसा एकच. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. हे सांगितलं की पाहुण्याचे कान टवकारतात, कारण रामसर त्यांना ठाऊक असतं.

पण ही फेरी भरतीवर चालते. ओहोटीला खाडीत नुसता गाळ उरतो, बोट निघत नाही. म्हणजे बोटीचं घड्याळ, आपलं घड्याळ आणि वर समुद्राचं. ठाण्या-मुंबईतल्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. हा हिशेब फक्त ट्रिप घ्यायची की नाही एवढं ठरवायला वापरा, पक्की वेळ केंद्राकडूनच घ्या आणि जागा आधीच बुक करा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला बोट आली तर भरती दुपारच्या आत मिळते आणि जमून जातं. अष्टमीला सकाळी सहाची भरती रांगेतल्या पाहुण्याच्या कामाची नाही आणि संध्याकाळची तर त्याहून नाही. अशा दिवशी सरळ नाही म्हणा.

७. वार बघा

सोमवारी घारापुरी बंद. कान्हेरीही बंद. बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी डबेवाले नसतात, मंगलदास मार्केटही बंद. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते आणि दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर अडवलेले असतात. बोटीची तारीख कळली की पहिल्यांदा कॅलेंडर उघडा, कालनिर्णयच उघडा, सण आणि तिथी दोन्ही एकाच पानावर मिळतात.

८. ठाण्याहून निघताना

पहाटे पावणेसहाला निघालात तर पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढे ईस्टर्न फ्रीवेने तासाभरात पोचता. सातनंतर निघालात तर घाटकोपरपर्यंतच घामाघूम. फ्रीवे ऑरेंज गेटला उतरतो, तिथे मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. उलवे-पनवेलकडून येणाऱ्यांना अटल सेतू सोयीचा, गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये. तो भाड्यातच धरा, नंतर मागू नका. वाशी, ऐरोली, मुलुंडच्या नाक्यांवर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

पाहुणे साडेदहाला येणार असले तरी मी आठला गेटवर असते. ड्रायव्हरला आधीच सांगते, डबा आणि चार्जर घेऊन ये.

९. सोबत काय हवं

गाडीचं टुरिस्ट परमिट, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचा बॅज. पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्याने लावू नका. पकडले गेलात तर गाडी अडकेल आणि तुमच्याबरोबर पाहुण्याची बोटही जाईल. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत गाइड म्हणून बोलायला परवाना लागतो, तो गळ्यात दिसला पाहिजे. परवाना नसेल तर परवानाधारक गाइड सोबत घ्या.

घारापुरीचं तिकीट परदेशी पाहुण्याला ६०० रुपये, आपल्याला ४०. ऑनलाइन आधीच काढा, कारण पाहुण्याकडे यूपीआय नसतं आणि खिडकीवर सुट्ट्यांचा घोळ होतो. रोख सुटे तुमच्याकडे ठेवा: किरकोळ कर, छोट्या गाडीचं भाडं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली. लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायला लावा, कितीही उकडलं तरी.

पाहुण्याकडे काय हवं: बोटीचं कार्ड, उतरताना मिळालेला शिक्क्याचा कागद, पासपोर्ट किंवा त्याची प्रत. बऱ्याचदा पासपोर्ट बोटीवरच ठेवून घेतात. तो शिक्क्याचा कागद मात्र जिवापाड जपायला सांगा, परत जाताना तो मागतात. माझ्याकडे प्लास्टिकच्या दोरीवाल्या पिशव्या असतात, शाळेच्या ओळखपत्रासारख्या. क्रॉफर्ड मार्केटमध्ये डझनावर मिळतात. गाडीत बसल्यावर सगळ्यांच्या गळ्यात घालते.

१०. पैसे आणि बोट न आल्यास

हवामानामुळे किंवा आणखी कशाने बोट बंदर गाळू शकते. तेव्हा पाहुण्याचा काही दोष नसतो. मी आगाऊ रक्कम थोडीच घेते आणि बोट लागलीच नाही तर पूर्ण परत करते, हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहिते. बोट उशिरा लागली तर कार्यक्रम कापते, भाडं नाही. हेही तिथेच लिहिते.

११. अडकलातच तर

चारनंतर अजून लांब असाल तर पाहुण्यापासून लपवू नका. एजंटचा नंबर लावा, किती जण, कुठे, किती वेळात, एवढंच सांगा. तो बोटीला कळवतो. बोट थांबेलच असं नाही, पण पाहुण्यांचे पासपोर्ट एजंटकडे काढून ठेवता येतात, आणि पुढचं विमान पकडायला तेच लागतात. गाडी अडकली असेल तर रेल्वे विसरू नका. दादर-भायखळ्यापासून सीएसएमटीला जाणारी लोकल संध्याकाळी गाडीपेक्षा आधी पोचते आणि त्या वेळी गर्दी उलट दिशेची असते. एकदा सहा जणांना असं भायखळ्याहून आणलं. त्यांच्या मते दिवसातला तोच सगळ्यात चांगला भाग होता.

पाहुणे गेटच्या आत गेले म्हणजे तुमची सुट्टी झाली असं नाही. "बोटीत पोचलो" असा मेसेज येईपर्यंत गाडी हलवू नका. कुणाची ना कुणाची टोपी किंवा चष्मा मागच्या सीटवर राहिलेला असतोच. त्या संध्याकाळी ड्रायव्हरला दुसरं भाडंही लावू नका. तो पहाटेपासून उठलेला असतो आणि सहाला फ्रीवेवर ठाण्याकडे जाणाऱ्यांची ओळ लागलेली असते.